थकबाकी कोणाची, डाग कोणावर?

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे ठरत आलेले एक लग्न मोडल्याची बातमी २०२५ च्या फेब्रुवारीत वृत्तपत्रांत झळकली. बोलणी बरीच पुढे गेली होती. पण मुलीच्या मामाने मुलाचा सिबिल अहवाल पाहायला मागितला, त्यात निरनिराळ्या ठिकाणची कर्जे आणि खालावलेला गुणांक निघाला, आणि सोयरीक तेथेच थांबली. बातमी चवीने वाचली गेली. पत्रिकेऐवजी पत पाहणाऱ्या मामाचे कौतुक झाले, आणि भाचीची काळजी वाहिल्याबद्दल त्याला कोणी नावे ठेवण्याचे कारणही नाही. परंतु ज्या कागदावर त्याने एवढा भरवसा ठेवला तो कागद कोण लिहितो, कशावरून लिहितो, त्यात काय नोंदले जाते आणि मुख्य म्हणजे काय नोंदले जात नाही, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटली नाही. मुलगा कर्जबाजारी आहे, म्हणजे मुलगा बेभरवशाचा आहे, एवढे समीकरण सर्वांना पुरेसे वाटले. हे समीकरण जितके सोयीचे तितकेच खोटे आहे, आणि ते कोणाच्या सोयीचे आहे हे पाहणे चळवळीचे काम आहे.

सिबिल या नावाने खेड्यापाड्यांत ओळखली जाणारी संस्था २००० साली बँकांना कर्जदारांची माहिती पुरवण्यासाठी स्थापन झाली. २००५ साली पत-माहिती कंपन्यांचा कायदा झाला. पुढे तिचे बहुतांश भाग शिकागोच्या ट्रान्सयुनियन कंपनीकडे गेले आणि २०१७ पासून ते तिच्या नावातही उतरले. तिच्या जोडीला काम करणाऱ्या इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या तीन कंपन्याही परदेशी समूहांच्याच आहेत. कर्ज देणारी प्रत्येक संस्था तिच्या कर्जदारांची कुंडली या कंपन्यांना धाडते. १ जानेवारी २०२५ पासून तर दर पंधरवड्याला धाडण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यानचा एक आकडा तयार होतो. ७५० च्या वर असलेला माणूस सज्जन. त्याच्या बराच खाली गेलेला माणूस संशयित. भारतीय शेतकऱ्याची, शिक्षिकेची, रिक्षाचालकाची पत किती, हे भारतातील कोणतीही लोकनियुक्त संस्था ठरवत नाही.

आकडा घसरला तर काय करावे, याचे उपदेशही आता घरोघर पोहोचले आहेत. हप्ता तारखेला भरा. क्रेडिट कार्डाच्या मर्यादेपैकी तीस टक्क्यांहून अधिक रक्कम वापरू नका. एकाच वेळी चार ठिकाणी कर्जासाठी अर्ज करू नका. जुने कार्ड बंद करू नका. आधी जास्त व्याजाचे कर्ज फेडा, मग कमी व्याजाचे. यांतले एकही वाक्य चुकीचे नाही. ज्याच्या हातात महिन्याच्या एक तारखेला ठरावीक पगार पडतो आणि तो चैनीपायी उधळला जातो, त्याला हे जरूर सांगावे. पण बाकीच्यांचे काय? २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील शेतकरी कुटुंबांपैकी ५०.२ टक्के कुटुंबे कर्जात असल्याचे आणि शेतकरी कुटुंबामागे सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये असल्याचे दिसून आले. निम्मा शेतकरीवर्ग एकाच वेळी उधळा आणि बेशिस्त झाला, असे मानायचे काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याने तरी पोहऱ्याला गुण देऊन आडाविषयी मौन पाळू नये.

या गुणांकाच्या मुळाशी एक गृहीत आहे: माणसाचे उत्पन्न दरमहा येते. हप्ता दरमहा, नोंद दर पंधरवड्याला, चूकही दरमहा. महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष असे चालत नाही. तो पेरणीपूर्वी पीककर्ज उचलतो, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन काढतो, त्यानंतर कापूस वेचतो, आणि बहुतेक जिल्हा बँकांच्या हिशेबात ३१ मार्चला त्याने फेड केली पाहिजे. मधल्या काळात भाव त्याच्या हातात नसतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला होता, आणि बाजारात शेतकऱ्याला चार हजारांच्या आसपास समाधान मानावे लागत होते. क्विंटलमागे आठ-नऊशे रुपयांची ही तूट कोणाच्या खात्यावर थकबाकी म्हणून नोंदली गेली? हमीभाव जाहीर करून खरेदी केंद्रे वेळेवर न उघडणाऱ्या सरकारचा गुणांक त्यामुळे किती अंकांनी घसरला?

मग मार्चमध्ये जे घडते ते प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याला माहीत आहे. त्याला खेड्यात 'नवे-जुने' म्हणतात. शेतकरी आठ-दहा दिवसांसाठी खासगी सावकाराकडून पैसे उचलतो, सोसायटीचे जुने कर्ज भरतो, नवे मंजूर करून घेतो आणि त्यातून सावकाराला व्याजासह चुकते करतो. गटसचिवाला हे माहीत असते, बँकेच्या निरीक्षकाला माहीत असते, तहसीलदारालाही माहीत असते. कागदावर मात्र शेतकरी नियमित कर्जफेड करणारा आदर्श खातेदार ठरतो. म्हणजे ज्याने सावकाराच्या दारात जाऊन आठवड्याचे व्याज मोजले तो पतवान, आणि ज्याने प्रामाणिकपणे 'यंदा पिकले नाही' असे सांगितले तो पतहीन. हा गुणांक शिस्त मोजतो असे म्हणतात. वस्तुतः तो सावकार किती जवळ आहे हे मोजतो.

उसाच्या पट्ट्यात हाच अन्याय अधिक ठळकपणे दिसतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे तोडलेल्या उसाचे पैसे चौदा दिवसांच्या आत दिले पाहिजेत, आणि उशीर झाला तर त्यावर पंधरा टक्के व्याज दिले पाहिजे. हा आदेश कागदावर अजून जिवंत आहे. कारखान्यांची थकीत एफआरपी हा मात्र दरवर्षीचा विषय. शेतकरी संघटना मोर्चे काढतात, साखर आयुक्त जप्तीचे आदेश काढतात, कोठे पैसे मिळतात, कोठे पुढच्या गाळपापर्यंत मिळत नाहीत, आणि पंधरा टक्के व्याज पदरात पडलेला शेतकरी शोधावा लागतो. आता यातली मेख अशी की, ऊस उत्पादकाच्या कर्जाची वसुली बहुधा उसाच्या बिलातूनच व्हायची असते. कपातीला त्याने आधीच संमती दिलेली असते. बिल अडकले की वसुली अडकते, वसुली अडकली की तारीख उलटते, आणि तारीख उलटली की डाग लागतो. तो डाग कारखान्याच्या अध्यक्षाला लागत नाही, संचालकांना लागत नाही. ज्याचे पैसे बुडवले गेले त्यालाच पैसे बुडवणारा ठरवण्याची ही किमया आहे. कायद्याप्रमाणे शेतकरी येथे धनको आहे आणि कारखाना ऋणको. पत-अहवालात मात्र शेतकऱ्याची फक्त एकच बाजू दिसते.

शहरातही निराळे काही नाही. कायद्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पहिल्या सात दिवसांत झाला पाहिजे. ठेकेदार दोन-दोन महिने पगार अडवतो, आणि त्याच दोन महिन्यांत कामगाराच्या दुचाकीचे हप्ते परत जातात. घरातला एक आजारी माणूस खासगी रुग्णालयात पंधरा दिवस राहिला, तर कार्डाची मर्यादा तीस टक्के काय, शंभर टक्के संपते. अहवालात 'हप्ता चुकला' एवढेच येते. का चुकला, यासाठी त्यात रकाना नाही. मित्रासाठी जामीन राहिलेल्या माणसाच्या अहवालात मित्राचे कर्ज येते. मित्राने घर सोडून परगाव गाठले, की डाग जामीनदाराच्या घरी वस्तीला येतो.

येथे १८७५ चे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्या वर्षी १२ मे रोजी, आजच्या बारामती तालुक्यातील सुपे गावी, बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि उठावाचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या त्या उठावात लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, तो रोख्यांवर होता. कर्जरोखे आणि खतपत्रे हस्तगत करायची आणि जाळायची, एवढेच त्यांचे लक्ष्य होते. अक्षरशत्रू कुणब्याला एक गोष्ट पुरती कळली होती: तो ज्या कागदावर अंगठा उठवतो, त्या कागदात फक्त सावकाराची बाजू लिहिलेली असते. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला, फेरपाहणीने सारा भरमसाट वाढवला, यांपैकी कशाचाही रोख्यात उल्लेख नव्हता. रोख्यात होता फक्त आकडा, आणि त्याखाली अंगठा.

इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो काही क्रांतिकारक नव्हता, आणि सावकारशाही त्याने संपली नाही. पण एक मूलभूत गोष्ट त्याने मान्य केली: न्यायालयाने रोख्यावरच्या आकड्यापाशी थांबू नये, त्यामागे जावे, व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, व्याज वाजवी होते काय ते पाहावे. या मुलखाला दामदुपटीचाही नियम ठाऊक होता. व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येणार नाही, हे जुन्या मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानत असत. म्हणजे आकड्यामागचे कारण विचारण्याचा हक्क परकीय राजवटीतही ऋणकोला मिळालेला होता.

स्वराज्यात तो वाढायला हवा होता. प्रत्यक्षात १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात २१-अ हे कलम घुसवण्यात आले, आणि व्याजाचा दर जास्त आहे या कारणावरून बँकेचा व्यवहार कोणत्याही न्यायालयाने पुन्हा उघडू नये, अशी तटबंदी झाली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ व गुजरातच्या प्रकरणांत निकाल दिला की, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बिगरबँक वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी नियंत्रणाचे कायदे लागू होत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म वित्तसंस्थांच्या व्याजदरावरची मर्यादा उठवली आणि दर ठरवण्याचे काम त्यांच्या संचालक मंडळांवर सोपवले. परवानाधारक गावसावकारावर राज्याचा कायदा चालतो. संगणक घेऊन बसलेल्या सावकारावर चालत नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेलाच अवाजवी व्याज आकारल्याबद्दल चार वित्त कंपन्यांना नवे कर्जवाटप थांबवण्याचा आदेश द्यावा लागला.

तरीही राज्य सरकारचे हात पूर्ण बांधलेले आहेत, असे मानण्याचे कारण नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २१-अ कलम वैध ठरवताना शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणासाठी राज्यांनी केलेल्या कायद्यांचे क्षेत्र त्यापासून वेगळे राखले. घटनेने तो विषय राज्यांच्या सूचीत ठेवला आहे. मंत्रालयात कोणी दिल्लीकडे बोट दाखवू लागला, तर त्याच्यासमोर हा निकाल ठेवावा.

गुणांकाचे खरे कार्य काय आहे, हे गावातील बचतगटाच्या स्त्रियांकडे पाहिले की कळते. बँकेने गुणांक कमी म्हणून दार लावले, की त्या सूक्ष्म वित्तसंस्थेकडे वळतात. तेथे वीस टक्क्यांहून अधिक व्याज, हप्ता आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा, आणि एकीचा चुकला की वसुलीदार बाकीच्या नऊ जणींना तिच्या दारात बसवतो. एका संस्थेचा हप्ता भरण्यासाठी दुसरीचे कर्ज, दुसरीसाठी तिसरीचे. त्याच्याही खाली भ्रमणध्वनीवरून पाच मिनिटांत पैसे देणारी ॲप आहेत. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये अशी सुमारे अकराशे आढळली, आणि त्यांतली सहाशे बेकायदा होती. ज्याला कर्जाची सर्वांत अधिक गरज त्याला सर्वांत महाग कर्ज, हा बाजाराचा नियम झाला. त्याला जोखमीचे मूल्य असे सभ्य नाव आहे. महाग कर्ज फिटत नाही, न फिटल्याने गुणांक आणखी घसरतो, आणि घसरल्याने पुढचे कर्ज आणखी महाग होते.

हा डाग आता कर्जाच्या खिडकीपुरताही राहिलेला नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ च्या जूनमध्ये, पत-अहवाल वाईट निघाला म्हणून एका उमेदवाराची सरकारी बँकेतील नियुक्ती रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्याची आर्थिक शिस्त पाहिली पाहिजे, असा त्यामागचा युक्तिवाद. तो ऐकायला नीट वाटतो. पण शिकण्यासाठी कर्ज काढावे, कर्ज फेडण्यासाठी नोकरी शोधावी, आणि कर्ज थकले म्हणून नोकरी नाकारली जावी, यात शिस्त कोणती? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये याच्या उलट दिशेने पाहिले होते: शैक्षणिक कर्ज मागणारे विद्यार्थी हे उद्याचे नागरिक आहेत, केवळ गुणांक कमी म्हणून त्यांचे अर्ज फेटाळू नयेत. दोन न्यायालयांच्या या दोन दृष्टींत देशाने निवड करायची आहे, आणि ती निवड न्यायालयांवर टाकून संसदेला स्वस्थ बसता येणार नाही.

कोणी म्हणेल, बँकेतील पैसा शेवटी ठेवीदाराचा. तोही गरीब, निवृत्त, विधवा. परतफेडीची खात्री नसताना तो वाटायचा काय? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला घोषणेने उत्तर देणे बरे नव्हे. ठेवीदाराचे रक्षण झालेच पाहिजे. पण त्याला आजवर कोणी बुडवले, हेही मग तपासावे. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २०१९ च्या सप्टेंबरात निर्बंध आले, तेव्हा तिच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे आणि ती लपवण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट खाती रचल्याचे उघड झाले. आयुष्याची पुंजी अडकलेले ठेवीदार रस्त्यावर उतरले. त्यांना कोणा सोयाबीनवाल्याने अथवा रिक्षावाल्याने बुडवलेले नव्हते. खालच्या माणसाची पै न पै टिपणारी यंत्रणा वरच्या माणसाच्या बाबतीत वर्षानुवर्षे आंधळी राहिली.

आकडेच पाहायचे तर सरकारने २०२५ च्या मार्चमध्ये संसदेत दिलेले पाहावेत. २०१४-१५ पासूनच्या दहा वर्षांत बँकांनी १६.३५ लाख कोटी रुपयांची बुडीत कर्जे निर्लेखित केली. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असे उत्तर यावर ठरलेले असते. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण निर्लेखित कर्जांतून परत येणारी रक्कम मूळ रकमेच्या मानाने तोकडीच राहिली आहे. ८ जून २०२३ रोजी तर रिझर्व्ह बँकेने हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशीही तडजोड करण्याची मुभा बँकांना दिली, आणि किमान बारा महिने उलटल्यावर अशा तडजोडीनंतरही नव्या कर्जाचे दार उघडू शकेल अशी तजवीज केली. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याला तेव्हाच विरोध केला होता. आता चाळीस हजारांचे कर्ज तडजोडीने मिटवणाऱ्या गिरणीतल्या माणसाकडे पाहा. त्याच्या अहवालात 'सेटल्ड' असा शेरा येतो, आणि पत-माहिती किमान सात वर्षे जपून ठेवण्याचा दंडक असल्याने तो वर्षानुवर्षे त्याचा पाठलाग करतो. ठरवून बुडवणाऱ्याला बारा महिने, आणि परिस्थितीने हरलेल्याला सात वर्षे!

दिवाळखोरीच्या कायद्याची गोष्टही अशीच. २०१६ च्या संहितेत कंपन्यांबरोबर व्यक्तींसाठीही प्रकरणे आहेत. ज्याचे वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत आणि विशिष्ट कर्जे पस्तीस हजारांपर्यंत आहेत, त्याला ऋणमुक्त होऊन नव्याने सुरुवात करता यावी, अशी तरतूद तीत लिहिली आहे. कंपन्यांची प्रकरणे लगोलग लागू झाली. हजारो कोटींच्या कर्जांवर पाणी सोडून कारखाने नव्या मालकांच्या हवाली झाले. व्यक्तींची प्रकरणे मात्र २०१९ मध्ये लागू झाली ती कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरतीच. साठ हजारवाल्याची पाळी त्या दिवशी आली नाही.

पत ही व्यक्तीने एकट्याने कमवायची चीज आहे, हा विचार या देशाने एकदा नाकारला होता. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला आणि सावकारांचा जवळजवळ सत्तर टक्के. त्या आकड्यांनी हादरून धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्यांनी पुढे नेलेल्या सहकाराला राज्याने भांडवल दिले. १९६९ मध्ये चौदा बँका राष्ट्रीय झाल्या. शेती व लघुउद्योग यांना अग्रक्रम ठरला. तारण नसलेल्याला पत पुरवणे हे समाजाचे काम आहे, हा त्यामागचा विचार होता. त्यात घोटाळे झाले, दलाल शिरले, संचालकांनी स्वतःच्या कारखान्यांना कर्जे वाटली, हे सारे खरे. चळवळीने त्यावर वेळीच पुरेसा आवाज उठवला नाही, हेही खरे. पण त्या रोगावर गुणांक हे औषध नव्हे. पत देण्याची समाजाची जबाबदारी गुणांकाने गुपचूप उचलून कर्जदाराच्या चारित्र्यावर ठेवली आहे.

सरकारी घोषणांना तोटा नाही. २०२५ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने निर्देश दिला की, पूर्वी कर्ज घेतलेले नाही एवढ्याच कारणावरून कोणाचा पहिला अर्ज नाकारू नये. मे महिन्यात राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला. ऑगस्टमध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की, कर्जासाठी किमान गुणांकाची अट रिझर्व्ह बँकेने घातलेली नाही. तिन्ही विधाने स्वागतार्ह आहेत. पण शाखेतला अधिकारी काय करतो? तो अर्ज नाकारत नाहीच; तो म्हणतो, 'वरून मंजूर होत नाही.' कर्ज थकले तर खुलासा त्याच्याकडे मागितला जाणार असतो, आणि न दिलेल्या कर्जाबद्दल त्याला कोणी विचारत नसते. त्याला शिव्या देऊन काही निष्पन्न होणार नाही. इशाऱ्याने तो निर्भय होत नाही. तशी तरतूद कायद्यातच लागते.

ती मागताना चळवळीने स्वतःच्या मागणीपत्रांतही एक भर घालायला हवी. २०१७ ची कर्जमाफी झाली, २०१९ ची झाली. मोर्च्यांचे फलक कर्जमाफीवर थांबले. माफी वा तडजोड झाल्यावर नोंदीचे काय, हे कलम मागणीपत्रांत क्वचितच दिसले. सातबारा कोरा करण्याची घोषणा देणाऱ्यांना दुसरा एक सातबारा परक्या संगणकात भरत चालल्याची जाणीव उशिरा झाली. सुप्याच्या शेतकऱ्याला रोखा कोठे आहे हे ठाऊक होते. आजचा रोखा जाळता येत नाही, तो कायद्यानेच पुसावा लागेल. नैसर्गिक आपत्ती, हमीभावाखालची विक्री, थकीत एफआरपी, अडवलेला पगार यांमुळे चुकलेला हप्ता गुणांकात धरला जाऊ नये, आणि कारखान्याची व मालकाची थकबाकीही तितक्याच उघडपणे नोंदली जावी, ही मागणी त्यात आली पाहिजे.

कायदा होईपर्यंत शेजाऱ्याला वाऱ्यावर सोडायचे असा मात्र याचा अर्थ नाही. हा पांढरपेशांचा विषय आहे असे समजून कार्यकर्ते त्याकडे पाठ फिरवतात, ते चूक आहे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढून वाचून दाखवावा. फेडलेले कर्ज उघडे दिसणे, दुसऱ्याचे खाते चिकटणे असल्या चुका त्यात आढळतात. बेबाकीचा दाखला जोडून बँकेकडे आणि पत-कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे, आणि त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. वसुलीदाराला सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करण्याचा अधिकार नाही, हे स्त्रियांच्या गटांत मुद्दाम सांगावे. पैसे घेऊन गुणांक वाढवून देतो म्हणणाऱ्या दलालाला गावाच्या वेशीवरूनच परत पाठवावे. खरी नोंद कोणालाही पैसे देऊन पुसता येत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जामागे कारण लेखी मागावे. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नये. खरिपाच्या कर्जवाटपाच्या काळात गावोगावच्या अशा लेखी नकारांचा गठ्ठा बांधून तो राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत नेऊन ठेवला, तर मुख्यमंत्र्यांच्या त्या इशाऱ्याला निदान फिर्यादी तरी मिळतील.